कमी पडायला नको

प्राचार्यांचा निरोप आला तेव्हा भूगोल सरांनी शर्टाची वरची गुंडी लावली, मग काढली, आणि जिन्यात पुन्हा लावली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं तीनदा बोलावणं आलं होतं आणि तिन्ही वेळा बाहेर पडताना त्यांच्याकडचं काही ना काही कमी झालं होतं. पहिल्यांदा नकाशांची मोठी खोली गेली, दुसऱ्यांदा लहान खोलीतला पंखा गेला, तिसऱ्यांदा पहिल्या वर्षाचा वर्ग गेला. आता जाण्यासारखे फक्त सर स्वतःच उरले होते.

"बसा सर," प्राचार्य म्हणाले. "भूगोलाला यंदा तीन प्रवेश आलेत. त्यातला एक चुकून आला होता, तो आज सकाळी रद्द करून गेला."

"दोघांनाही शिकवता येतं साहेब."

"तुम्हाला येतं हो. नियमाला येत नाही."

मग प्राचार्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे परीक्षा विभागाची साठ्याची खोली. तिथे कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजून कपाटात लावायचे आणि मोजून कपाटातून काढायचे. दुसरी म्हणजे नवा अभ्यासक्रम, 'उत्पादन आणि पुरवठा साखळी व्यवस्थापन : तोंडओळख'. तो शिकवायला जे नेमले होते ते गृहस्थ वेळापत्रक बघून पळून गेले होते.

"पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"असं कसं? माल इकडून तिकडे जातो. इकडून तिकडे म्हणजे भूगोलच की!" प्राचार्य इतक्या खात्रीने म्हणाले, की क्षणभर सरांनाही ते पटलं. "फक्त एक आहे. सत्र संपायच्या आत विद्यापीठाची तपासणी होईल. त्यांना प्रात्यक्षिक दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर अभ्यासक्रम बंद. मग उत्तरपत्रिकांची खोली आहेच."

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. आयुष्यात आणखी काय हवं असं सरांना कुणी विचारलं असतं, तर ते म्हणाले असते की दीड वर्ष रोज सकाळी फळ्यासमोर उभं राहू द्या, शिकवायला काहीही द्या. कुणी विचारलं नाही हा भाग वेगळा. पण या माणसाला समोर बसलेली मुलं आणि हातात खडू यापलीकडे खरोखरच काही नको होतं, आणि तेवढंच आता जायच्या बेतात होतं.

घरी येऊन त्यांनी सगळी हकिकत बायकोला सांगितली आणि शेवटी चिडून म्हणाले, "उरलेली नोकरी काय कपाटं मोजत काढू मी? तेवढीच लायकी राहिली माझी?"

बायको मोठ्या सरकारी दवाखान्यात, कपड्यांच्या विभागात होती. सव्वीस वर्षं. तिने टोस्ट चहात बुडवला आणि तो मऊ होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

पुस्तक सहाशे चाळीस पानांचं होतं आणि त्यात एकही नकाशा नव्हता, त्यामुळे ते लिहिणाऱ्याबद्दल सरांना पहिल्याच दिवशी संशय आला. तरी त्यांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. कारखाना म्हणजे उगम, दुकान म्हणजे मुख आणि मधली गोदामं म्हणजे धरणं. चाळीस मुलांचा वर्ग होता, मुलांना हे आवडलं. पहिला आठवडा नदीवर छान निघाला. दुसऱ्या आठवड्यात 'सेफ्टी स्टॉक' आला आणि नदी आटली.

"अगं, हे ऐक," सकाळच्या चहाला त्यांनी पुस्तक उघडलं. "मागणीही नक्की नाही आणि पुरवठा कधी येईल तेही नक्की नाही, अशा वेळी राखून ठेवायचा साठा. आता हे मुलांना कसं सांगायचं?"

"कपाटातल्या चादरी," बायको म्हणाली.

"काय?"

"एक चादर पलंगावर. एक धुवायला गेलेली. एक वाळत असलेली. आणि एक कपाटात. पलंगामागे चार लागतात. हवा ढगाळ असली की वाळायला वेळ लागतो, तेव्हा पाच."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"पहिल्याच आठवड्यात सोळा पलंगांना चादरी पुरल्या नाहीत. मोठ्या सिस्टरनी शिकवलं. सगळ्यांसमोर."

सरांनी पुस्तक मिटलं. जगातल्या मोठ्या नद्यांच्या उपनद्या त्यांना डाव्या-उजव्या काठासकट पाठ होत्या. पण बायको सकाळी साडेसातला निघून दिवसभर नेमकं काय करते, हे विचारायचं सव्वीस वर्षांत राहून गेलं होतं. मुद्दाम नव्हे. आज विचारू, उद्या विचारू असंही कधी मनात आलं नव्हतं, हे जास्त वाईट.

त्या दिवसापासून चहाच्या टेबलावर तोंडओळखीचा आधी एक तास होऊ लागला आणि मग दहा वाजता तोच तास कॉलेजात. टॉवेल, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळे फळ्यावर आले. सर ही उदाहरणं 'समजा, एक दवाखाना आहे' अशी सुरुवात करून सांगत, जणू तो दवाखाना त्यांच्याच डोक्यातून निघाला होता. हे काही बरोबर नव्हतं, पण शिक्षकाच्या धंद्यात एवढं चालतं अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

असे सहा धडे झाले. सातवा सुरू झाला आणि विद्यापीठाचं पत्र आलं. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तपासनीस येतील, प्रात्यक्षिक बघतील.

प्रात्यक्षिक काय करावं यावर सरांच्या इमारतीत तीन दिवस चर्चा झाली. सरांनी विचारलं होतं फक्त पहिल्या मजल्यावरच्या नानांना. नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांना विचारणं म्हणजे सगळ्या इमारतीला विचारणं. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, मुलांना स्वेटर विणायला लावा, लोकरीपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळं त्यात येतं. दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, साखळी कसलीही करा पण आधी विमा काढा. शेवटी नानांनीच जिन्यात उभं राहून निकाल दिला.

"सर, केळं."

"केळं?"

"शिजवायला नको, चिरायला नको, डबा नको. आवरण निसर्गानेच घातलंय. मधल्या सुट्टीत प्रत्येकाच्या हातात एक केळं. मागणी, पुरवठा, वितरण, सगळं तपासनिसाच्या डोळ्यांसमोर. आणि त्यालाही एक द्या हातात, खाणारा माणूस शेरा वाईट लिहीत नाही."

सरांना हे एकदम पटलं. त्यांनी रात्रीच्या जेवणात बायकोला बेत सांगितला. मुलांचे चार गट करायचे. एक गिऱ्हाईक, एक दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक वितरक. चारही गट चार वेगळ्या खोल्यांत. एकमेकांशी बोलायचं नाही. फक्त चिठ्ठीने मागणी पुढे पाठवायची, अगदी पुस्तकात आहे तशी.

"बोलायचं का नाही?" बायकोने विचारलं.

"अगं, शिस्त दिसायला नको?"

"दिसू दे. पण खरा आकडा एकाच वहीत ठेवा आणि ती वही सगळ्यांना बघू द्या."

"पुस्तकात चार टप्पे आहेत."

"असतील. वही एक ठेवा," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. सरांनी ते ऐकलं, पण सातव्या धड्यात वहीचा उल्लेख नव्हता.

गिऱ्हाईक गटाची प्रमुख होती वर्गप्रतिनिधी. तिला सगळे 'यादी' म्हणत, कारण तिच्याकडे कशाचीही यादी असे, अगदी कुणाकुणाची छत्री वर्गात राहिली त्याचीसुद्धा. तिने दोन दिवस खपून डोकी मोजली. दोन वर्ग, शिक्षक, कार्यालय, शिपाई मिळून एकशेवीस. मग तिच्या मनात आलं, ऐन वेळी कुणी पाहुणे आले तर? कमी पडायला नको. तिने चिठ्ठीवर दीडशे लिहिलं.

दुकानदार गटाने दीडशे वाचलं. त्यातली काही दबणार, काही काळी निघणार. कमी पडायला नको. दोनशे लिहिलं. घाऊक गटातल्या एकाच्या मामांचं दुकान होतं, त्यामुळे त्याला व्यापार कळत असे. तो म्हणाला, वरून नेहमी कापूनच माल येतो, आपण जास्तच सांगायचं असतं. त्यांनी तीनशे लिहिलं. वितरकांनी नुसता आकडा पाहिला आणि तो त्यांना अंगापिंडाने किरकोळ वाटला, म्हणून चारशे केला. चिठ्ठी सहीला सरांकडे आली. सरांनी विचार केला, विद्यापीठाची माणसं दारात आणि कॉलेजची अब्रू आपल्या हातात. त्यांनी चाराच्या पुढचं शून्य खोडून पाच काढला. साडेचारशे. कुणाचंही काही चुकलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घरी लहानपणापासून जे ऐकलं होतं तेच केलं होतं.

तिथून चिठ्ठी गेली हेडक्लार्कच्या टेबलावर आणि तिथेच बसली.

"केळी कशात दाखवू?" हेडक्लार्क म्हणाले. "लेखनसाहित्य आहे, फर्निचर आहे, काचसामान आहे. फळ हा रकाना नाही."

"संकीर्ण म्हणून दाखवा."

"संकीर्ण मार्चमध्येच संपतं सर."

तीन दिवस सर त्या टेबलाच्या चकरा मारत होते. चौथ्या दिवशी हेडक्लार्कना तोडगा सुचला आणि केळी 'जीवशास्त्र विभाग : नमुने' या सदराखाली, तीन प्रतींत मंजूर झाली. जीवशास्त्राच्या मॅडमना हे कळल्यावर त्या आठवडाभर सरांशी बोलल्या नाहीत.

पण या तीन दिवसांत इकडे चार खोल्यांत घबराट पसरली होती. बोलायला बंदी, उत्तर येईना. यादीला वाटलं चिठ्ठी हरवली. तिने दुसरी पाठवली. दुकानदारांनी दुसरी पाठवली, घाऊकवाल्यांनी दुसरी पाठवली, आणि सरांच्या टेबलावर पुन्हा एक चिठ्ठी आली तेव्हा सरांनी चष्मा न लावताच तिच्यावर सही ठोकली. हेडक्लार्कनी दोन्ही चिठ्ठ्या प्रामाणिकपणे एकत्र केल्या. नऊशे.

फळबाजारातला केळीवाला सरांचा जुना विद्यार्थी निघाला, हे तर दुर्दैवच म्हणायचं. "सरांकडून मागणी आलीय," तो आपल्या माणसाला म्हणाला. "नऊशे कसले, हजार भर. आणि शंभर वरती, माझ्याकडून. पोरं खाणारी आहेत, कमी पडायला नको."

मंगळवारी सकाळी कॉलेजच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि एकशेवीस माणसांसाठी अकराशे हिरवी केळी उतरली. शुक्रवारपर्यंत बरोबर पिकतील असा केळीवाल्याचा निरोप होता. ती ठेवायला रिकामी जागा एकच होती, भूगोलाची लहान खोली, जिच्यातला पंखा पूर्वीच गेला होता. कुणी पळवू नयेत म्हणून सरांनी खिडक्या घट्ट लावल्या आणि दाराला कुलूप घातलं. पृथ्वीच्या गोलालासुद्धा हलायला जागा उरली नाही.

यादी संध्याकाळी धावत आली. तिच्या हातात पुस्तक उघडं होतं. "सर, हे बघा. नववा धडा. मागणी एकेक टप्पा पुढे जाते तशी प्रत्येक जण थोडी वाढवतो, आणि शेवटी भलतीच होते. उत्तर यायला उशीर झाला की लोक तीच मागणी पुन्हा नोंदवतात. सगळं इथे लिहिलंय! आकृतीसकट!"

सरांनी धडा वाचला. आपली अख्खी फजिती कुणीतरी आधीच छापून ठेवलेली बघणं हा अनुभव फार कमी लोकांच्या वाट्याला येतो. "आपण सातव्यावर होतो ना," ते क्षीण आवाजात म्हणाले.

बुधवारी व्हरांड्यात वास सुटला. गुरुवारी सकाळी तो प्राचार्यांच्या केबिनपर्यंत पोचला. दुपारी सर शिक्षकांच्या खोलीत शिरले तेव्हा बोलणं थांबलं आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "या, केळं सर." सत्तावीस वर्षांत मिळवलेलं भूगोल सर हे नाव एका दिवसात पुसलं गेलं. सरांनी हसण्यावारी नेल्यासारखं दाखवलं, पण मुतारीत जाऊन पाच मिनिटं नुसते उभे राहिले. आणि चार वाजता विद्यापीठातून फोन आला, तपासनीस बाईंना शुक्रवारी जमत नाही, सोमवारी येतील.

सोमवारी! म्हणजे केळी उद्या पिकणार, शनिवारी काळी पडणार आणि सोमवारी तपासणीला खोलीतून फक्त चिलटं निघणार. सर नेहमीच्या बसने न येता चालत घरी आले.

"किती आहेत?" सगळं ऐकून बायकोने विचारलं.

"अकराशे."

"कुठे ठेवलीत?"

"खोलीत. दारं-खिडक्या लावून."

"कोंडून ठेवलीत? मग एकदम पिकणारच की हो सगळी."

"जाऊ दे," सर म्हणाले. "संपलं आता. जातो त्या खोलीत. बसतो मोजत कपाटं..." आणि ते थांबले. आपलंच वाक्य त्यांना या वेळी नीट ऐकू आलं. समोर बायको बसली होती, तिच्या बोटांना खळीचा वास येत होता. "मी त्या दिवशीही असंच म्हणालो होतो."

"हो."

"तुला लागलं असेल."

"लागलं," ती म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. नुसतं खरं ते सांगितलं. चारचौघांत केळं सर म्हटल्याचं जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे एका शब्दाचं उत्तर सरांना लागलं.

"चुकलं माझं. आणि तुझी उदाहरणं मी माझी म्हणून सांगितली वर्गात, तेही."

"ते माहितेय. तुमच्या वर्गातली एक मुलगी आमच्या मेट्रनची भाची आहे," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. "उठा आता. आधी त्या खिडक्या उघडून येऊ. किल्ली आहे ना? उद्या मी अर्धी रजा टाकते."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सरांची बायको कामावरचे रबरी तळव्याचे बूट घालून कॉलेजात आली. तिने खोलीत पाऊल टाकलं, चार घड उलटेसुलटे करून पाहिले आणि पदर खोचला. "चिठ्ठ्या बंद," ती मुलांना म्हणाली. "सगळे एका टेबलाशी या. बोला एकमेकांशी, भांडा, पण एकाच टेबलाशी. वही कुणाकडे आहे?"

यादीने वही पुढे केली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान सरांनी त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

केळ्यांचे तीन ढीग झाले. आज खायलाच हवीत ती, उद्यापर्यंत टिकतील ती आणि परवाची. आधी पिकलं ते आधी जाणार. मग बायकोने फोन लावले. दवाखान्याच्या स्वयंपाकघराला तीनशे हवी होती, पण पिकलेली आणि साडेदहाच्या आत. शेजारच्या दोन शाळांना मिळून चारशे. बस डेपोला दीडशे. वृद्धाश्रमाला साठ, तीही अगदी मऊ. दवाखान्याच्या धुलाई केंद्राला सत्तर. उरली एकशेवीस, ती कॉलेजात मधल्या सुट्टीत. यादीने बेरीज केली, पुन्हा केली, आणि मान वर करून म्हणाली, "बरोबर अकराशे, काकू." केळीवाल्याने शरमून टेम्पो पाठवला होता आणि खपतील तेवढ्याच केळ्यांचं बिल लावतो असंही कळवलं होतं.

"पण आधी कुठे जायचं आणि मग कुठे?" बायकोने विचारलं. "साडेदहाच्या आत दवाखाना व्हायला हवा."

आणि इथे सरांचा खडू आपोआप हातात आला. त्यांनी जगाचा नकाशा भिंतीवरून उतरवला, उलटा केला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर गाव काढलं. डेपोचं मागचं दार दहाला बंद होतं, शाळेचा चढ भरलेल्या टेम्पोला जड जातो, रेल्वे फाटक दहा वीसला पडतं ते पावणेअकराला उठतं, म्हणून आधी पलीकडची कामं, मग अलीकडची. कुणी विचारायच्या आत ते सांगत होते. बायको वहीतून मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. तिनेही त्यांना कधी शिकवताना पाहिलं नव्हतं.

सरांनी ते बघणं बघितलं. त्यांना तिचा अभिमान वाटत होता, आणि हा अभिमान सव्वीस वर्षं उशिरा वाटतोय म्हणून लाजही वाटत होती. पण फाटक दहा वीसला पडणार होतं, त्यामुळे लाजायला फारसा वेळ नव्हता.

साडेबारापर्यंत आजचा ढीग संपला. शनिवारी दुपारी शाळेचा शेवटचा घड गेला. हेडक्लार्क खोलीच्या दारात फॉर्म घेऊन उभे होते. नमुने नष्ट केल्याचा दाखला, तीन प्रती.

"नष्ट नाही केले," बायको म्हणाली. "खाल्ले असं लिहा."

"तसा रकाना नाही मॅडम."

"मग आखा," ती म्हणाली. आश्चर्य म्हणजे हेडक्लार्कनी पट्टी काढली आणि आखला.

सोमवारी तपासनीस बाई आल्या. चष्मा साखळीला अडकवलेला, फाईल छातीशी. सोबत प्राचार्य, त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिलगिरी. खोलीत चाळीस मुलं, उलट्या नकाशावर गाव, आणि थोडासा वास. बाकी काही नाही.

"प्रात्यक्षिक कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"खाल्लं," मागून कुणीतरी बोललं. प्राचार्यांनी डोळे मिटले.

मग यादी उठली आणि तिने पहिल्या एकशेवीसपासून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. फळ्यावर तिने साऱ्या चिठ्ठ्या ओळीने चिकटवल्या होत्या, सरांनी शून्याचा पाच केलेली सुद्धा. बाई ती चिठ्ठी जवळ जाऊन वाचत राहिल्या. सरांनी वरची गुंडी चाचपली.

"आणि यात तुम्ही काय शिकवलंत?" त्या सरांकडे वळल्या.

सरांनी रविवारभर उत्तर पाठ केलं होतं. त्यात उद्दिष्टं होती, निष्पत्ती होती, तीन मोठे शब्द होते. ते सगळं बाजूला राहिलं. "मी चूक शिकवली," ते म्हणाले. "ती दुरुस्त कशी करायची ते माझ्या बायकोने शिकवलं. ती दवाखान्यात चादरी सांभाळते. या वर्गात जी चांगली उदाहरणं आली ती सगळी तिची होती, मी माझी म्हणून सांगितली. मला फक्त रस्ते येतात. पण मला शिकवायचंय बाई. अजून दीड वर्ष आहे, आणि आता मला कळायला लागलंय."

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि मुलांकडे बघितलं. "येत्या शुक्रवारी हेच पुन्हा करायचं ठरलं. एकशेवीस माणसं. किती मागवाल?"

"एकशेवीस," चाळीस जण एकदम म्हणाले.

"आणि ऐन वेळी पाहुणे आले तर?"

दुकानदार गट घाऊक गटाकडे बघायला लागला. सर खिडकीकडे बघत होते, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही येत नव्हतं. यादीने वही उघडली, दोन पानं उलटली, आणि वही मिटून ठेवली.

"तर आमच्यातलं अर्धं मोडून देऊ," ती म्हणाली.

सर पटकन फळ्याकडे वळले आणि आधीच कोरा असलेला कोपरा डस्टरने पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

"हे पुस्तकात कुठल्या धड्यात आहे?" बाईंचा आवाज आला.

"अजून सापडलं नाही," सर न वळता म्हणाले. "मी नवव्यावर आहे."

बाई हसल्या. मग बराच वेळ फाईलवर पेन चालल्याचा आवाज येत राहिला आणि शेवटी एक सही झाली. 'अभ्यासक्रम चालू ठेवावा' एवढंच प्राचार्यांनी मोठ्याने वाचलं. मुलांनी बाकं वाजवली.

सर बाहेर आले, जिन्याच्या पायरीवर बसले आणि बायकोला फोन लावला. कामाच्या वेळात तिला फोन करायची त्यांची ही पहिलीच खेप. तिने घाबरून उचलला. "काय झालं? बरं आहे ना?"

"वर्ग राहिला," सर म्हणाले.

"बाई गं," ती म्हणाली. "मला फार काळजी होती हो. सांगितलं नाही तुम्हाला. बरं, मी नंतर बोलते. धुतलेल्या चादरी आल्यात, मोजणी चाललीय. मधे सोडली तर पुन्हा पहिल्यापासून."

"मोज तू. मी थांबतो."

"अहो, दोनशे आहेत."

"असू देत. मी ऐकतो."

फोन कुठेतरी फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग चादर झटकल्याचा, घडीवर हात फिरल्याचा, आणि तिचा, अगदी सावकाश. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. पुढच्या तासाला अजून पाऊण तास होता. सरांनी फोन कानाशी नीट धरला आणि दोनशे होईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत.